आडवा न होणारा झेंडा

लंबासाने, म्हणजे गावच्या फुटबॉल संघाने, उपांत्य सामना जिंकला, त्याचा आनंद शिवबरन मास्टरजींना शेवटची शिट्टी वाजल्यापासून फोन वाजेपर्यंत मिळाला. फोन समुद्रापलीकडच्या बेटावरून, लौतोकाहून होता. पडद्यावर त्यांचा मेव्हणा मुनेश्वर आला, म्हणजे मुनेश्वरचं कपाळ आलं. चेहरा दिसेल असा फोन धरायला तो कधी शिकला नाही, त्यामुळे फुटबॉलवरून होणारी सगळी भांडणं मास्टरजींना त्या कपाळाशीच करावी लागत. कपाळ म्हणालं, "जिजा, अंतिम सामना आमच्या मैदानावर, आणि आमच्याशीच. या वेळी येताय, की नेहमीसारखं पाण्याच्या त्या बाजूने ओरडणार?"

एरवी मास्टरजींनी 'बघू' म्हणून विषय बदलला असता. पण अंगणात निम्मी वस्ती जमलेली, हातात यंगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या नशिल्या पेयाची, वाटी आणि अंगात विजय. अशा वेळी माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळतं. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की ते येईन म्हणाले होते, लंबासाचा लाल झेंडा घेऊन येईन म्हणाले होते, आणि झेंडा इतका उंच असेल की मुनेश्वरला मैदानावर यायचीही गरज नाही, घरच्या खिडकीतून दिसेल, असंही म्हणाले होते. सगळी वस्ती साक्षीला होती.

खरी गोष्ट अशी, की मास्टरजींनी आजवर समुद्र ओलांडून एकही सामना पाहिला नव्हता. हेडमास्तर होते तोवर ते शाळेचं कारण देत, निवृत्त झाल्यावर गुडघ्यांचं. खरं कारण बोट होतं. धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीकडे नुसतं बघितलं तरी त्यांच्या पोटात ढवळायला लागे. हे फक्त त्यांच्या बायकोला, राजमतीला माहीत होतं आणि ती कुणाला सांगणार नव्हती. ती मुळात कुणाला फारसं काही सांगतच नसे. पहाटे उठून तुळशीला पाणी, अंगणात बांबूवर लावलेल्या हनुमानाच्या लाल झेंड्यापुढे दिवा, मंगळवारी अळणी उपास. आणि बोललीच तर इतकं हळू की मास्टरजींना रेडिओ बारीक करावा लागे. सामना चालू असताना ते दुसऱ्या कुणासाठी रेडिओ बारीक करत नसत, यातच त्यांच्या संसाराचं सगळं सार आलं.

आता कुणी म्हणेल, एका फुटबॉलच्या सामन्यासाठी एवढं काय? त्याने कधी कुठल्या संघावर जीव टाकलेला नाही, एवढंच त्यावरून समजायचं. खेळाडूंचं बरं असतं. यंदा लंबासाकडून खेळतात, पुढच्या वर्षी दोन पैसे जास्त मिळाले की सुवाकडून. प्रशिक्षक तर पावसाळ्यासारखे येतात आणि जातात. प्रेक्षकाला ही सोय नाही. त्याला ज्या गावात पाळण्यात घातलं त्या गावाचा रंग त्याच्या कपाळी. मास्टरजींच्या मते व्रत म्हणतात ते हेच, फक्त उद्यापन कधी ते देवालाही सांगता येत नाही. राजमतीपुढे त्यांनी हा विचार एकदा मांडला होता. ती म्हणाली होती, "व्रतात शिव्या देत नाहीत."

तर झेंडा. झेंडा म्हणजे एक कापड आणि एक काठी, असं सोमवारी सकाळी मास्टरजींना वाटत होतं.

कापड आणायला गेले तर गावात लाल कापड उरलं नव्हतं. टॅक्सीवाल्यांनी लाल कापड गाड्यांना गुंडाळलं होतं, बाजारातल्या भाजीवाल्या बायकांनी टोपल्यांना बांधलं होतं, आणि एका शहाण्याने आपल्या बोकडाला लाल झबलं शिवलं होतं. मास्टरजी त्या बोकडाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. त्याचं झबलं त्यांच्या कामाचं होतं. शेवटी पूजेच्या सामानाच्या दुकानात एक तागा मिळाला, देवीला नेसवायचा, काठाला सोनेरी गोटा लावलेला. गोटा काढून द्या म्हटलं तर दुकानदार म्हणाला, की गोटा काढला तर कापड सुटतं, आणि देवीने आजवर तक्रार केलेली नाही.

त्यावर सिंह काढायचा होता, कारण लंबासाचं चिन्ह सिंह. शमीम पेंटर गावातल्या सगळ्या पाट्या रंगवतो, खाटकाच्या दुकानापासून देवळाच्या भिंतीपर्यंत. पण सिंह त्याने आयुष्यात एकच काढलेला होता, देवीच्या देवळात, देवीच्या पायाशी बसलेला. हात त्यालाच सरावलेला. त्यामुळे झेंड्यावर जो सिंह उतरला त्याच्या चेहऱ्यावर नुकताच प्रसाद खाल्ल्याचं समाधान होतं. मास्टरजी म्हणाले, जरा उग्र पाहिजे होता. शमीम ब्रश पुसत म्हणाला, "मास्टरजी, आपला संघ बघून काढलाय. दात आहेत, चावत नाही." हा माणूस लंबासासाठी मैदानावर घसा फोडून ओरडतो म्हणून मास्टरजींनी ते ऐकून घेतलं.

राहिली काठी. काठीच्या बाबतीत वस्तीत जेवढी डोकी तेवढे सल्ले. एक जण म्हणाला, प्लास्टिकचा नळ घ्या, हलका असतो. दुसरा म्हणाला, हल्ली झेंडा न्यावाच लागत नाही, फोनमध्ये झेंड्याचं चित्र हलतं, फोनच उंच धरायचा. मास्टरजींनी त्याला कितवीत नापास केलं होतं ते त्यांना लगेच आठवलं. तिसरा शेजारी आपिसाई. त्याच्याकडे कॅरिअर, म्हणजे मागून उघडी अशी भाड्याची लहान मालवाहू गाडी. तो शांतपणे म्हणाला, की बांबू हवा तर माझ्या मूळ गावात या, पण रीतीने या.

रीतीने जायचं म्हणजे यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन जायचं, चटईवर मांडी घालून बसायचं, ती जुडी मुखियांपुढे ठेवायची, टाळ्या वाजवायच्या, आणि आपलं मागणं दुसऱ्याच्या तोंडून मांडायचं. मास्टरजी गुरुवारी गेले. आपिसाई त्यांच्या वतीने बोलला. मूळ मागणं 'एक बांबू द्या' एवढंच होतं, पण आपिसाईच्या तोंडी ते इतकं वाढलं आणि सजलं की ऐकताना मास्टरजींना स्वतःबद्दल फार आदर वाटला. मग म्हातारे मुखिया बोलायला लागले. त्यांनी सांगितलं, की मास्टरजींनी या गावाची मुलं शिकवली, पावसात नदी चढली तेव्हा मुलांना शाळेतच ठेवून घेतलं, त्यांना जेवू घातलं. म्हणून सभाघराच्या आढ्यासाठी जपून ठेवलेला, धुरावर वाळवलेला, बांबूच्या बनातला सर्वांत लांब बांबू गाव मास्टरजींना देत आहे.

चार तरुणांनी तो आणला. त्याचं एक टोक मास्टरजींपुढे आलं तेव्हा दुसरं अजून वळणापलीकडे होतं.

मास्टरजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी खरं होतं, त्यात कृतज्ञता होती आणि थोडी भीतीही होती. परतताना त्यांनी आपिसाईला हळूच विचारलं, की एवढा बसमध्ये मावायचा नाही, जरा कापला तर? आपिसाईने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मग म्हणाला, "दिलेला बांबू कापायचा?" एवढंच. त्या विषयावर पुढे आयुष्यात कुणी काही बोललं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बांबू अंगणात उभा केला, झेंडा चढवला. सोनेरी काठाचं लाल कापड, वर प्रसन्न सिंह, शेजारी हनुमानाचा जुना झेंडा. राजमती देवापुढचा दिवा घेऊन बाहेर आली होती. लाल कापड, बांबू आणि संध्याकाळ, ही तिन्ही एकत्र दिसल्यावर तिच्या हातांनी जे वर्षानुवर्षं केलं तेच केलं. बांबूला शेंदूर लावला, फूल वाहिलं, आरती ओवाळली, कापडाच्या टोकाला डोकं टेकवलं. मास्टरजींना हे बघून बरंच वाटलं. संघाला तेवढाच आधार.

नेमके त्याच वेळी पंडित काशीदत्त फाटकातून आत येत होते. पंडितजी वस्तीच्या भजनमंडळीचे पुरोहित आणि लंबासाचे कट्टर पाठीराखे. रेफरीला शाप देताना संस्कृतात देतात. त्यांनी सगळं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. नुसता खेळाचा झेंडा असता तर काही म्हणणं नव्हतं, ते म्हणाले. पण आता भौजींनी पूजा केली. पूजलेला झेंडा जमिनीला लागता कामा नये, पायाखाली येता कामा नये, आणि बांबूही आडवा पडता कामा नये. मास्टरजींनी विचारलं, बसमध्ये कसा न्यायचा मग? पंडितजी म्हणाले, उभा. बोटीत? उभा. तारांखालून? पंडितजींनी जरा विचार केला आणि शास्त्रात जागा काढली: देवळाच्या दारातून आपण वाकतो तेवढं वाकलेलं चालेल.

"विसर्जन करता येतं," ते पुढे म्हणाले, "समुद्रात. वाटेत लागतोच आहे." मग स्वतःच मान हलवून म्हणाले की ते सामन्यानंतर बघू.

राजमती अपराधी चेहऱ्याने उभी होती. मास्टरजींनी तिच्याकडे पाहिलं आणि रागवायचं राहूनच गेलं. दुसरं लाल कापड गावात नव्हतं, दुसरा बांबू मागायचं तोंड नव्हतं. एका बाजूला कापायची बंदी, दुसऱ्या बाजूला निजवायची. आणि समुद्रापलीकडे ते कपाळ वाट बघत होतं.

शनिवारी उजाडताना आपिसाईची कॅरिअर निघाली. बस सोडूनच दिली होती. मागच्या उघड्या भागात मधोमध बांबू उभा, त्याला मिठी मारून मास्टरजी उभे, शेजारी पिशवीत आल्याचे तुकडे, लिंबं आणि रोट्यांची पुरचुंडी घेऊन राजमती बसलेली. सावुसावूच्या धक्क्यापर्यंत डोंगरातून रस्ता. तार आली की मास्टरजी ओरडत, आपिसाई गाडी थांबवी, झेंडा देवळात शिरल्यासारखा वाकून पलीकडे जाई. लंबासात तारा किती आहेत याकडे मास्टरजींनी पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं.

गावाबाहेर उसाच्या ट्रकची रांग कारखान्यापर्यंत लागली होती. कॅरिअर तीत अडकली. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला; मास्टरजींना वाटलं, आता 'लंबासा, लंबासा' करणार. त्याने चप्पल काढली आणि हात जोडले. सोनेरी काठ, देवीचा सिंह, शेंदूर लागलेला बांबू आणि त्याला डोळे मिटून धरलेले वृद्ध गृहस्थ. मास्टरजींनी डोळे धुळीमुळे मिटले होते. त्या ड्रायव्हरचं बघून दुसरा उतरला, मग तिसरा. पुढच्या वस्तीत बायका फुलं घेऊन रस्त्यावर आल्या. एका आजीने नारळ ठेवला आणि विचारलं, "कुठल्या देवळाचा आहे, बाबा?"

मास्टरजी म्हणाले, "लंबासाचा." हे खरंच होतं. पण त्यांच्या मनाला लागलं, कारण अख्खी हयात मुलांना 'अर्धवट उत्तर लिहू नका' असं सांगण्यात गेली होती. राजमती खालून हळूच म्हणाली, की कुणी श्रद्धेने दिलं तर परत करू नये. मग ते नारळ, फुलं, केळी घेत गेले. डोंगर चढेपर्यंत कॅरिअरच्या मागे दोन टॅक्सी आणि एक दुधाची गाडी सोबतीने चालू लागली होती. त्यांना वाटत होतं की पुढे कुठेतरी महाप्रसाद आहे.

धक्क्यावर बोट उभी होती. मास्टरजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. आल्याचा तुकडा दाढेखाली धरला आणि पुढे झाले. तेवढ्यात तपासणीच्या टेबलामागून केसांत फूल खोवलेली, गणवेशातली बाई उठली. झाडाझुडपांबरोबर कीड या बेटावरून त्या बेटावर जाऊ नये, हे बघायचं तिचं काम. तिने खालून वर बघायला सुरुवात केली. वर पोचायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, बांबू जाणार नाही, कागद लागतो, आणि कागद देणारं कार्यालय सोमवारी उघडेल.

मास्टरजी म्हणाले, हा धुरावर वाळवलेला आहे, यात कीड कशी असेल? बाई म्हणाली, बांबू म्हणजे गवत, आणि गवताला कागद लागतोच.

"बांबूला गवत कुणी ठरवलं?" मास्टरजी चिडून म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत, सर. चौथीत," ती म्हणाली. "मी लितिया."

मास्टरजींनी चष्मा वर केला. होय, लितिया. तिसऱ्या बाकावर बसायची, हात वर करून उत्तर द्यायची. तिला ओळखल्याचा त्यांना आनंद झाला आणि चौथीत बांबू इतका नीट शिकवल्याचा पश्चात्तापही.

लितियाने आजूबाजूला पाहिलं. टॅक्सीतले, दुधाच्या गाडीवरचे आणि बोटीवर चढायला आलेले लोक हात जोडून उभे होते. कुणीतरी बांबूच्या बुडाशी उदबत्ती लावली होती. तिने आवाज खाली आणला. पूजेच्या वस्तूंना सूट आहे, ती म्हणाली. देवाचा झेंडा असेल तर मी इथेच सही करते आणि सोडते. खेळाचा असेल तर मला काही करता येणार नाही. "तुम्ही म्हणाल तेच लिहीन, सर. तुमचं फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य मला अजून आठवतं."

फळ्याच्या कोपऱ्यात मास्टरजी रोज 'खरं बोला' असं लिहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, त्या जागी शुद्धलेखनाचा एखादा नियम लिहायला हवा होता.

तसं पाहिलं तर खोटं बोलायचीही गरज नव्हती. पूजा झालेली होती. पंडितजींनी तो देवाचा ठरवला होता, साक्षीला शेंदूर होता. 'देवाचा' म्हटलं असतं तर स्वर्गातही कुणी हरकत घेतली नसती, आणि उद्या दुपारी लौतोकाच्या निळ्या गर्दीत सगळ्यांपेक्षा उंच लाल झेंडा उभा राहिला असता. मास्टरजींनी वर पाहिलं. वाऱ्याने कापड उलगडलं होतं, सिंह त्यांच्याकडे बघून हसत होता. मग खाली पाहिलं. ज्यांनी नारळ दिले ते त्यांच्याकडे बघत होते. आणि लितिया पेन धरून उभी होती, चौथीतल्यासारखीच.

"फुटबॉलचा आहे," मास्टरजी म्हणाले.

जोडलेले हात हळूहळू सुटले. दुधाच्या गाडीवरचा माणूस म्हणाला की आधी सांगायचं होतं, त्याचं दूध नासलं. पण गर्दीतला एक जण म्हणाला, "लंबासाचाच ना? मग राहू दे नारळ." आणि बऱ्याच जणांनी पुन्हा हात जोडले.

लितियाने लिहिलं. कापड जाईल, बांबू राहील. बांबू धक्क्यावर बेवारस ठेवता येणार नाही. परत न्यायचा तर गाडीत उभा धरायला कुणीतरी हवं. आपिसाई चालवणार, आणि राजमतीच्या हातात तो राहणारा नव्हता. बोटीचा भोंगा झाला. मास्टरजी बांबूला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की लितियाने नजर दुसरीकडे वळवली.

राजमती पुढे आली. तिने झेंड्याची दोरी सोडली, कापड अलगद उतरवून घेतलं, एक टोकही खाली टेकू दिलं नाही, आणि घडी करून छातीशी धरलं.

"मी नेते," ती म्हणाली.

"तू? एकटी?" मास्टरजी म्हणाले. "गोल कुठल्या बाजूला करायचा असतो ते तरी माहीत आहे का तुला?"

"मुनेश्वर सांगेल. माझा भाऊच आहे तो," ती म्हणाली. "मला बोट लागत नाही." मग पिशवीतलं आलं आणि लिंबं तिने त्यांच्या खिशात घातली. "वाटेत वळणं आहेत. तुम्ही घ्या."

बोट सुटली. कठड्याशी लाल घडी धरलेली राजमती लहान होत गेली. मास्टरजींना एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली. मग वाटलं, की ही बाई इतकी वर्षं सामन्याच्या वेळी रेडिओ ऐकत होती का? तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

परतीचा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. सकाळी हात जोडलेल्या वस्त्यांमधून मास्टरजी आता नुसता बांबू धरून चालले होते. नारळवाली आजी रस्त्यावरच होती. तिने घाबरून विचारलं, "बाबा, झेंडा कुठे?" मास्टरजी म्हणाले, "पुढे गेला." आजीचं समाधान झालं. मास्टरजींचं झालं नाही.

रविवारी दुपारी अंगणात सगळे जमले. हनुमानाच्या झेंड्याशेजारी तो बोडका बांबू उभा होता, आणि शमीमने दिलासा द्यायचा म्हणून सांगितलं की दुरून पाहिलं तर टेलिफोनचा खांब वाटतो. मास्टरजींचा फोन यंगोनाच्या भांड्याला टेकवून ठेवला होता. हल्ली सामना फोनवर दिसतो, म्हणजे खेळाडू चेंडू मारायला पाय उचलतो आणि तसाच राहतो. मग चाक फिरत राहतं आणि चित्र परत येतं तेव्हा चेंडू भलत्याच माणसाकडे असतो. पंडितजी म्हणाले, रेडिओ बरा होता, त्यात निदान पाय खाली यायचा.

पहिला अर्धा भाग कोरा गेला. मास्टरजी खेळ बघतच नव्हते. कॅमेरा गर्दीवर गेला की ते पुढे वाकत. सगळीकडे निळं. निळ्या टोप्या, निळ्या छत्र्या, निळे चेहरे. राजमती पोचल्याचं कळलं होतं, पण मैदानावर आली की नाही कुणास ठाऊक. एवढ्या गर्दीत तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

दुसऱ्या अर्ध्यात कॅमेरा वळला आणि आपिसाईने फोनवर बोट ठेवलं. निळ्याच्या बरोबर मधोमध एक लाल पट्टी होती. सोनेरी काठ उन्हात चमकत होता, सिंह प्रसाद खाऊन बसला होता. डाव्या टोकाला राजमती, डोक्यावर पदर, हात वर. आणि उजव्या टोकाला निळा शर्ट, निळी टोपी, गालावर निळे पट्टे रंगवलेला मुनेश्वर. त्याचेही दोन्ही हात वर. कितीतरी वर्षांनी मास्टरजींना त्याचा पूर्ण चेहरा दिसला. तो चेहरा बघण्यासारखा होता.

काय झालं असेल ते मास्टरजींना सगळ्यांच्या आधी कळलं. बांबू नाही, झेंडा खाली टेकवायचा नाही, एकटीला धरवत नाही. बहिणीने हळू आवाजात सांगितलं असणार, की पूजलेला आहे, जरा ते टोक धर. आणि एकदा धरल्यावर सोडायचा कुठे?

सामना संपत आला आणि लौतोकाने गोल केला. तिकडे सगळं मैदान उसळलं. टोप्या उडाल्या, छत्र्या उडाल्या, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कॅमेरा पुन्हा तिकडेच गेला, कारण त्या सगळ्या दंग्यात एकच निळा माणूस स्तब्ध उभा होता. मुनेश्वर चवड्यांवर उठला, त्याचं तोंड उघडलं. राजमतीने त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो परत टाचांवर उतरला. झेंडा तसूभर हलला नाही.

पहिल्यांदा शमीम हसला. मग आपिसाई, मग पंडितजी, आणि मग मास्टरजी इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. शेवटची शिट्टी वाजली ती कुणी ऐकलीच नाही.

संध्याकाळी लौतोकाहून फोन आला. पडद्यावर कपाळ नव्हतं, हनुवटी होती. "जिजा," हनुवटी क्षीण आवाजात म्हणाली, "हात वर जात नाहीत." आमचा संघ जिंकला आणि शेजारी मला विचारतायत की तू कधी लंबासाचा झालास, असंही हनुवटी म्हणाली. मग फोन राजमतीकडे गेला. मास्टरजींनी बाजूचा रेडिओ बारीक केला.

कापड एकदाही टेकलं नाही, ती म्हणाली. सोमवारच्या बोटीने निघते, मंगळवारचा उपास घरीच करीन. मग तिने विचारलं, "मला खेळ काही दिसला नाही. झेंडा समोर होता. ते निळे लोक नाचत होते. म्हणजे आपण हरलो का?"

मास्टरजींनी अंगणातल्या बोडक्या बांबूकडे पाहिलं. उभाच होता.

"मुनेश्वर नाचला?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्याच्या हातात झेंडा होता ना."

"मग हरलो कुठे?" मास्टरजी म्हणाले.